तिसरी हाक

"भावाला जेवायला बोलावून आणायचं, एवढंच काम होतं," थोरले मामा म्हणाले. वीज गेली होती, आम्ही भावंडं गच्चीवर बसलो होतो. "माझ्या दोस्ताच्या बाबतीत घडलेलं आहे हे. तो कोर्टात पुकारा करायचा. आवाज असा, की सगळे त्याला भोंगाच म्हणायचे."

"म्हणजे मामींसारखा?" धाकटा पुटपुटला.

"ऐकलंय हं मी!" खालून मामी. मामासुद्धा हसले.

मामा गवंडी. त्या जुन्या कोर्टाची डागडुजी त्यांच्याच हातची, त्यामुळे सांगताना बोटं हवेत फिरायला लागली. दगडी वेलींनी मढवलेले खांब, रंगीत तावदानं, मधल्या दालनावर भलामोठा घुमट. "बांधणाऱ्यानं घुमट असा वळवलाय, की पुकारा थेट फाटकापर्यंत जावा. आणि वर जाणारा गोल जिना भिंतीच्या पोटात. माणूस दिसत नाही, पावलं तेवढी ऐकू येतात."

भोंग्याची रीत ठरलेली. नाव तीनदा पुकारायचं. तोवर आला तर आला. नाहीतर न्यायाधीश म्हणणार 'गैरहजर', की दावा निकालात. "जिन्यावर कुणी धापा टाकत येत असलं, तरी हा थांबायचा नाही. म्हणायचा, माझी जीभ एकदा सुटली की तीन झाल्याशिवाय आत येत नाही."

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. रात्रीचे पावणेदहा. भोंग्याचा धाकटा भाऊ वायरमन, घुमटात दिवे बसवायला दुपारीच वर चढलेला. आईबापांमागे भोंग्यानंच त्याला वाढवलं होतं. पोर उपाशी असेल म्हणून हा निघाला.

दालन रिकामं. भोंगा आपल्या रोजच्या जागी जाऊन उभा राहिला. आणि थट्टेनं, अगदी कोर्टातल्यासारखं, भावाचं नाव, बापाचं नाव, आडनाव... "हजर आहे काऽऽ?"

घुमट घुमला. वर पक्कड खणकन पडली.

दुसरी हाक. भिंतीत पावलं वाजली. उतरणारी. मग धावणारी.

"आलो दादा, आलो! पुढचं नको बोलूस!"

मी ताईचा दंड घट्ट धरला.

"मग?"

"त्यानं तोंड दाबून धरलं. दोन्ही हातांनी. तरी..."

...

"गेली तिसरी. पावलं थांबली. मधेच. आणि न्यायाधीशांच्या रिकाम्या खुर्चीतून कुणीतरी म्हणालं... कंटाळलेल्या आवाजात... 'गैरहजर.'"

पोलिसांनी जिना पाहिला, घुमट पाहिला, छपरावरही चढले. भाऊ नाही. काहीच नाही. भोंग्यानं नोकरी सोडली. तेव्हापासून तो कुणालाच हाक मारत नाही. बायकोलासुद्धा खुणेनं बोलावतो.

"खोटं आहे ना, मामा?" मी विचारलं.

मामांनी गच्चीच्या कठड्यावर तळहात ठेवला.

"भिंतीच्या पोटातला दगड भर उन्हाळ्यातही गार असतो, पोरी. त्या जिन्याची एक पायरी... शेवटच्या पायरीच्या जरा वरची, पावलं थांबली तिथली. परवाच हात लावून पाहिला."

"मग?"

"अंगाइतकी गरम आहे."