शर्वरीचं जाकीट आणि ठोकळ्याचं राज्य

लपंडावात ठोकळ्यावर राज्य आलं की शर्वरी रडकुंडीला यायची. ठोकळा म्हणजे सोसायटीचा यंत्रमानव. ती टाकीमागे श्वास रोखून बसली, तरी तो लांबूनच ओरडे, "शर्वरी, टाकीमागे!" रेहाना मात्र शेवटपर्यंत सापडत नसे.

"तूच त्याला सांगतेस! कट्टी!" एक दिवस शर्वरी भडकली.

"मी चुगलखोर नाहीये!" म्हणत रेहाना फुरंगटून बाकावर जाऊन बसली. इतक्या जिवाभावाच्या मैत्रिणी, आणि एका डबड्यापायी भांडण!

शर्वरीची मालूआत्या रेडिओलहरींवर संशोधन करायची. सगळं ऐकून तिने विचारलं, "हे जाकीट नवं का गं?"

"हो, वाढदिवसाचं."

"आणि ठोकळा तुला कधीपासून असा शोधतोय?"

"वाढदिवसापासूनच..." शर्वरी थबकली.

आत्याने अस्तर चाचपलं. आत नखाएवढा चपटा टॅग (स्वतःचा क्रमांक सांगणारी खूणचिठ्ठी) होता. "दुकानात माल मोजायला हा लावतात. याला बॅटरी नसते. रीडर (टॅग वाचणारं यंत्र) रेडिओलहरी सोडतो, त्यांतूनच याला ऊर्जा मिळते आणि हा आपला क्रमांक कळवतो. ठोकळ्यात रीडर आहे. हा क्रमांक म्हणजे शर्वरी, एवढं त्याने लक्षात ठेवलंय. रेहानाचे कपडे तिची अम्मी घरी शिवते. त्यांत टॅग कुठला?"

"म्हणजे कोणीही रीडर घेऊन आलं, तर मी कुठे आहे ते त्याला कळणार? मला न विचारता?"

"राग यायचा तर याचा यायला हवा, रेहानाचा नाही. पण गंमत बघ, ठोकळा तुला ओळखतच नाही. तो जाकीट ओळखतो."

शर्वरी धावतच बाकापाशी गेली. "चुकलं माझं. बट्टी?"

सगळं ऐकून रेहानाचे डोळे चमकले. "बट्टी! आण ते जाकीट इकडे."

पुन्हा डाव रंगला. "शर्वरी, टाकीमागे!" ठोकळा ओरडला. टाकीमागून जाकीट घातलेली रेहाना बाहेर आली! चुकीचं नाव घेतलं की राज्य पुन्हा त्याच्यावरच.

"अंडं फुटलं! अंडं फुटलं!" सगळी पोरं नाचायला लागली. ठोकळा बिचारा गोल गोल फिरत राहिला.

संध्याकाळी आत्याने टॅग कापून काढला. मग तिघी जाकीट घेतलेल्या दुकानात गेल्या. न विचारता टॅग तसाच ठेवणं बरं नाही, हे दुकानदारकाकांनाही पटलं. आता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात, "टॅग ठेवू की काढू?"

आणि ठोकळा? तो आता झुडपांत वाकून बघतो, जिन्याखाली डोकावतो. काल अगदीच दमला, तेव्हा त्याने हाक मारली, "शर्वरी, रेहाना, कुठे आहात?"

"सांगणार नाही!" दोघी एकदम ओरडल्या आणि सापडल्या.