मऊ च

तिहाना बाजारात आली होती ती ताजं चीज आणि मलई घ्यायला. प्रेमात पडायला नव्हे!

झाग्रेबमधल्या दोलात्सच्या बाजारात सकाळपासून भुरभुर लागली होती. लाल छत्र्यांवरून ओघळणारं पाणी चुकवत ती चीजवालीपाशी पोचते न पोचते, तोच एका उंच तरुणानं तिच्या तोंडासमोर मायक्रोफोन धरला.

"थेट प्रक्षेपण आहे हं, बाई! तुमचं स्वप्न काय, सांगा बघू. माझं विचाराल तर समुद्राकाठी एक छोटीशी कुचित्सा... बस्स, आणखी काही नको!"

तिहानानं ओठ घट्ट मिटून पाहिले. पण छे! हसू कुठलं आवरतंय?

"कुत्री?" ती खो-खो हसत म्हणाली. "एक छोटीशी कुत्री? आणि ती समुद्राकाठीच का हो? झाग्रेबला कुत्र्या मिळत नाहीत?"

चीजवाली हसली, शेजारचा बटाटेवाला हसला, आणि रेडिओ ऐकणारं निम्मं शहर हसलं.

त्याचं काय आहे, त्यांच्या क्रोएशियन भाषेत दोन च. एक मऊ, एक कडक. मऊ च लावून 'कुच्यित्सा' म्हटलंत तर छोटंसं घरकुल. कडक लावून 'कुचित्सा' म्हटलंत की झाली कुत्री! आपल्या चंद्रातला च वेगळा आणि चांदण्यातला वेगळा, तशीच ही गंमत. झाग्रेबच्या बहुतेकांना हा फरक जन्मात ऐकू येत नाही. तिहाना मात्र पडली सिन्य गावची. त्या डोंगरी मुलखात पाळण्यातलं पोरही हे दोन च वेगळे ओळखतं. त्यात ही विद्यापीठात ध्वनिशास्त्राची संशोधक. आधीच कान तिखट, वर त्याला धार!

दोन दिवसांनी तो तरुण चीजवालीकडून पत्ता काढत तिच्या ध्वनिशाळेच्या दारात उभा. केस भिजलेले, चेहरा पडलेला.

"मी वात्रोस्लाव. घरचे वात्रो म्हणतात. तुम्ही हसलात, आणि आमच्या संपादिकाबाईंनी फर्मान काढलं. पुढच्या महिनाअखेरपर्यंत मऊ च आला नाही तर मायक्रोफोन काढून घेणार."

तिहानाला चुटपुट लागली. आणि खरं सांगायचं तर तिलाही एका माणसाची निकड होतीच. मोठ्या वयातही कानाला आणि जिभेला नवा ध्वनी शिकवता येतो, हे तिला वीस झाग्रेबकरांवर सिद्ध करायचं होतं. एकोणीस मिळाले होते.

"तुम्ही विसावे," ती म्हणाली. "ज्याला जमलं त्याची सुट्टी, असा नियम आहे. बसा. मान वर."

तिनं त्याच्या हनुवटीखाली गार मलम लावलं. तो शहारला. त्यावर तिनं छोटं यंत्र टेकवलं आणि समोरच्या पडद्यावर एक पांढरी रेघ लवलवायला लागली.

"हे... हे काय?"

"तुमची जीभ."

"अरे बाप रे!" तो बघतच राहिला. "ही आयुष्यभर तोंडात नाचतेय, आणि मला पत्ता नाही?"

"साधं 'ये' म्हणायचं ना, तरी छातीतला श्वास निघतो, गळ्यातले पडदे थरथरतात, जीभ उचलली जाते, आणि हे सगळं निमिषात. कुणी शिकवलेलं नसतं." बोलता बोलता तिचे डोळे चमकले. "मला तर रोज नवल वाटतं."

वात्रो आता पडद्याकडे बघत नव्हता.

"माझ्याकडे काय बघता? जिभेचं टोक खाली, खालच्या दातांमागे. मधला भाग टाळूला. हं, म्हणा."

"च!"

"कडक."

"च!"

"दगड!"

"तुम्ही फार छळता हो..."

"मग शिका! आपल्याकडे 'येईन', 'करीन', 'होईल' म्हणायचं तर मऊ च लागतोच. तो नाही तर तुम्हाला भविष्यच नाही, वात्रोस्लाव!"

आठवड्यातून तीनदा तो येऊ लागला. कधी भाजलेले चेस्टनट घेऊन, कधी नुसतीच बडबड घेऊन. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. त्याची चाहूल जिन्यावरच ओळखू यायची आणि तिहानाचा हात उगाचच केसांकडे जायचा. त्याचा तो ऐकण्याचा ध्यास, प्रत्येक ध्वनीवर लहान मुलासारखं हरखणं... हे तिला आवडायला लागलं होतं. फार आवडायला लागलं होतं.

पण मऊ च काही येईना. पालथ्या घड्यावर पाणी! एकोणीस जण शिकून गेले, विसावा तसूभर हलेना. शेवटच्या आठवड्यात तिचे प्राध्यापक वही बघून म्हणाले, "हा सगळ्यांत जास्त वेळ शिकतोय आणि हाच कोरा. शुक्रवारी तुझ्या प्रबंधाचे परीक्षक हेच विचारणार. काय सांगशील?"

त्या दुपारी वात्रो आला तेव्हा ती खिडकीशी उभी होती.

"माझी पद्धतच चुकली रे," ती हळूच म्हणाली. "तीन वर्षं... मला वाटलं होतं, मला कळलंय सगळं." डोळे भरून आले म्हणून तिनं पाठ फिरवली आणि न बघताच शेगडीवरच्या कॉफीच्या भांड्याला हात घातला.

"व्रुच्ये!" वात्रो ओरडला.

म्हणजे, तापलंय! तिचा हात थांबला. आणि दुसऱ्याच क्षणी ती सगळीच थांबली. काय सुरेख च होता तो! मऊसूत, स्वच्छ. सिन्यच्या बाईनं नावं ठेवू नयेत असा.

"पुन्हा म्हण."

वात्रोनं मान खाली घातली.

"कधीपासून येतोय तुला?"

"तिसऱ्या आठवड्यापासून. जमलं की सुट्टी, म्हणाली होतीस. मला सुट्टी नको होती, तिहाना..."

"जिभेला हाड नाही म्हणून वाटेल तशी वळवलीस?" तिनं वही टेबलावर आपटली. "मी रात्रंदिवस माझ्यात खोट शोधतेय, आणि तू... माझ्या वहीत खोटं बोललास! जा. आत्ताच्या आत्ता जा!"

तो गेला. कॉफी उतू गेली.

दोन दिवस तिनं स्वतःलाच बोल लावले. आपला कान कधी फसला नव्हता. फसला कसा? उत्तर ठाऊक होतं, म्हणून तर राग आणखी येत होता.

गुरुवारी सकाळी ती बेकरीत पावासाठी उभी होती, तर वरच्या फळीवर रेडिओ लागलेला. वात्रोच! हवामान सांगत होता. दुपारी पाऊस पडेल, समुद्रावर वारा सुटेल, संध्याकाळी आकाश मोकळं होईल... नुसता भविष्यकाळ! आणि एकेक च असा मऊ, की बेकरीवाली म्हणाली, "कोण गं हा? छान बोलतो मेला." तिहानानं पाव घेतला आणि सुटे परत घ्यायला विसरली.

ध्वनिशाळेच्या दाराशी तो आधीच येऊन उभा होता. हातात रेडिओचं ध्वनिमुद्रण यंत्र.

"माफी मागायला तोंड नाही. पण तुझ्या वहीला खरं हवंय ना? यात आहे. पहिल्या दिवसापासून रोज ट्राममध्ये सराव केला, तारखेसकट. लाव त्या विसाव्यापुढे."

तिनं कानाला हेडफोन लावले. ट्रामची घरघर. मग त्याचा आवाज, "होच्येश, तिहाना?" माझ्यासोबत येशील का, तिहाना? पहिल्या दिवशी च खडबडीत. दुसऱ्या दिवशी जरा निवळलेला. नवव्या दिवशी, अठराव्या दिवशी... तेच दोन शब्द. रोज तेच. शेवटचा इतका मऊ, की तिनं डोळे मिटून घेतले.

तिचा आलेख तिथं होता. चढत गेलेला, लख्ख. तिची पद्धत चुकली नव्हती.

हेडफोन काढून तिनं त्याच्याकडे पाहिलं. राग शोधून पाहिला, सापडेना.

"ही अर्धी परीक्षा," ती शक्य तितक्या कडक आवाजात म्हणाली. "बोलण्याची. ऐकण्याची राहिलीय. विचार मला, या यंत्रात विचारलंस ते."

"आत्ता?"

"मग काय, ट्राममध्ये?"

त्याचे कान लाल झाले. "होच्येश... तिहाना?"

"होचू," ती म्हणाली.

वात्रोचा चेहरा उजळला, आणि मग एकदम गोंधळला. "थांब, थांब! चुकलीस! 'येईन' म्हणायला 'होच्यू' हवं. कडक च लावलास तू!"

"ऐकू आलं तुला?"

"न ऐकू यायला काय झालं? ढळढळीत कडक! सिन्यची ना गं तू?"

तिहानानं वही ओढली आणि विसाव्या नावापुढं लिहिलं : बोलणं, उत्तीर्ण. ऐकणं, उत्तीर्ण. लिहिताना अक्षर हललं, हसू आवरत नव्हतं म्हणून.

"म्हणजे मुद्दाम चुकलीस?"

"तू नव्हतास चुकलास तीन आठवडे?"

"अगं, पण उत्तर? उत्तर काय समजू मी?"

तिनं वही मिटली, त्याच्या अगदी जवळ आली. जिभेचं टोक खाली, खालच्या दातांमागे. मधला भाग टाळूला.

"होच्यू," ती म्हणाली.