चिंचवस्तीचं पाणी

१९६४ साली मी पुण्यात मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. अब्बा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमची हमीदा जंतू शिकते." लोक हसायचे, आणि अब्बाही त्यांच्यासोबत हसायचे.

त्या वर्षी प्रत्येकाला एका गावचं पिण्याचं पाणी तपासायचं होतं. माझी खाला, अम्मीची बहीण, शिरूरला राहायची, म्हणून मी घोड नदीकाठचं एक गाव मागून घेतलं. तिथले सरपंच सोपानराव खूश झाले. गावात दर पावसाळ्यात हगवण लागायची, आणि आता नळाला मंजुरी मिळाली होती. पंप कुठल्या विहिरीवर बसवायचा एवढंच ठरायचं होतं.

"बाई, तुम्ही सांगाल तिथं बसवू," ते म्हणाले. "पर वरच्या चिंचवस्तीची हीर बघाच. तिथं कवा कुनी आजारीच पडत न्हाई."

सगळ्या विहिरींचं पाणी निर्जंतुक बाटल्यांत भरून, बर्फात ठेवून मी पुण्याला नेलं. जंतू वाढवायच्या आगरच्या बशांवर पसरून उबवायला ठेवलं. बाकीच्या बशांवर ठिपक्यांची गर्दी उगवली. चिकट, खरबरीत, पिवळे, दुधी. चिंचवस्तीची बशी कोरी.

माझाच हात चुकला असणार, असं वाटून मी पुन्हा पाणी आणलं. पुन्हा कोरी. "तांबं असेल पाण्यात," सर म्हणाले. केमिस्ट्रीवाल्यांनी तपासलं, तर साधं गोडं पाणी. मग मी त्यात मुद्दाम जिवंत जंतू सोडले. दुसऱ्या विहिरीच्या पाण्यात ते मजेत राहत होते. या पाण्यातला थेंब बशीवर घेतला, तर काहीच उगवलं नाही.

सरांनी बशी उजेडात धरली. "इतकं शुद्ध पाणी मी पाहिलेलं नाही. लिही रिपोर्ट."

लिहिण्याआधी मला ती विहीर नीट बघायची होती. भर दुपारी पोचले. काठाच्या दगडांवर शेवाळ नव्हतं. आत बेडूक नव्हता, पाण्यावर एक चिलट नव्हतं. तळ स्वच्छ दिसत होता. तळाशी चिंचेचा पाला थरावर थर साचला होता, आणि तो सगळा हिरवा होता. कुजलेलं एक पान नव्हतं.

उन्हानं घसा सुकला होता. मी बादली शेंदली आणि ओंजळीनं पोटभर प्यायले.

"प्यालीस व्हय?"

मागं एक म्हातारी उभी होती. धुरपदाबाई तिचं नाव. तिनं माझ्या ओल्या हातांकडं पाहिलं आणि ती मटकन काठावर बसली.

"पाणी चांगलं आहे, आजी. इथं कुणी आजारी पडत नाही म्हणे."

"न्हाई पडत. माझी लेकरं पटकीत गेली, याच पान्यानं. एकामागं एक. तवा हितं बसून हिला म्हनले, बाई, आता तुझ्या पोटात काय बी जगू नगं. काय बी." तिनं बोटानं विहिरीकडं दाखवलं. "तिनं ऐकलं."

मला हसू आलं नाही. मी तिचा हात हातात घेतला.

"मग वस्तीचं भलंच झालं की."

ती वस्तीकडं बघत राहिली. मीही बघितलं. अंगणं झाडलेली होती. दोरीवर लुगडी होती, धोतरं होती. झबलं नव्हतं. दारात बसलेल्या बायांत सगळ्यात तरुण दिसणारीचेही केस पिकले होते. इतका वेळ मला कसली शांतता जाणवत होती, ते आत्ता कळलं.

"इथली मुलं कुठं आहेत?"

"कुटली मुलं? सुना आल्या, नांदल्या, म्हाताऱ्या झाल्या. कुनाची कूस उजवली न्हाई." तिचा आवाज अगदी खाली गेला. "मी परत सांगितलं हिला. लई येळा सांगितलं. आता ऐकत न्हाई. पोरी, तू शिकलेली हायेस. ही हीर चांगली म्हनून लिवू नगं. खाली गावात साळा हाय."

मी रिपोर्टात लिहिलं: पाणी पिण्यास अयोग्य.

"कारण?" सरांनी विचारलं.

"तिथं शेवाळसुद्धा जगत नाही, सर."

"हे कारण होत नाही."

"माहीत आहे, सर."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. मग सही केली.

पंप नदीजवळच्या विहिरीवर बसला. तिच्यात औषध टाकायला माणूस नेमला. सोपानराव पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत. गावात पावसाळ्यात अजून अधूनमधून हगवण लागते, आणि शाळेला नवी खोली बांधावी लागली, असं खालानं काही वर्षांनी सांगितलं.

त्या वर्षी परीक्षा देऊन मी दौंडला आले. एप्रिलचं ऊन होतं. अशा दिवसांत आमच्याकडं दूध दुपारपर्यंतसुद्धा टिकायचं नाही. एका संध्याकाळी अम्मीनं मला दुधाला विरजण लावायला सांगितलं. दूध कोमट झालं का ते बोट बुडवून पाहिलं आणि विरजण घातलं.

सकाळी दूध तसंच होतं.

"विरजण जुनं असेल," अम्मी म्हणाली. त्याच विरजणानं तिनं स्वतः लावलं. तिचं दही घट्ट लागलं.

माझं पुन्हा लागलं नाही.

माझ्या लग्नाच्या गोष्टी तेव्हा चालू होत्या. अम्मीनं माझं भांडं उचलून फडताळात मागं सरकवलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात बराच वेळ तिथंच राहिला.

एम.एस्सी.साठी मी परत पुण्याला गेले. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा फडताळ साफ करताना ते भांडं हाताला लागलं. झाकण काढलं.

दूध ताजं होतं.