पाचव्या मजल्यावरचा खोटा जिना

"पाचच?" आयली निएमी एवढ्या मोठ्याने ओरडली, की वाचनालयात पेपर वाचत बसलेले दोन म्हातारे दचकले. "मार्टी, तू मोज! पाचच नावं आहेत!"

मार्टी ग्रेगोरिचने हातमोजा काढला आणि संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. त्याचे दोन्ही लढवय्ये जागेवर होते. डीना सार्तोरीची कुलूपतोडी आणि जादूगार होते. आयलीचा तिरंदाजही होता. पण आयलीची वैद्यीण ल्यूमी कुठेच नव्हती!

नाताळच्या सुट्टीचा चौथा दिवस, मंगळवार. राउटा गावात बाहेर इतकी थंडी, की नाकातला श्वास नाकातच गोठावा. पण या तिघांना त्याचं काय! वाचनालयाच्या कोपऱ्यात गावातल्या मुलांसाठी एक संगणक होता आणि त्यात एक भुयार होतं. दहा मजले खोल. त्यात सहा जणांच्या टोळीने उतरायचं, राक्षसांशी झुंजायचं, जिने शोधायचे. तिघांनी दोन-दोन गडी घडवले होते. गेले अकरा महिने शाळा सुटली की तिघं इथे हजर!

"कदाचित मेली असेल," मार्टी म्हणाला.

"आपण खेळलोच नाही तर मरेल कशी? शनिवारी ती धडधाकट होती!" आयलीचा आवाज चिरकला. "आणि मेली असती तर नावापुढे 'मृत' असं आलं असतं. इथे नावच नाही!"

म्हणजे काय झालं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. मेलेल्या गड्याला खेळातल्या देवळात नेऊन उठवता येतं. पण कधीकधी तो प्रयोग फसतो आणि गड्याची राख होते. राखेवरचा प्रयोगही फसला, तर नाव कायमचं पुसलं जातं. मग काही केल्या तो परत येत नाही.

"टोळी साठवलेल्या फ्लॉपीची आपल्याकडे दुसरी प्रत असती तर..." मार्टी पुटपुटला.

"पण आपण शपथ घेतलीय ना, प्रत काढायची नाही म्हणून!" आयली म्हणाली. ती शपथ तिचीच कल्पना होती. मेलं तर मेलं. नाहीतर जपून पाऊल टाकण्यात मजा ती काय? आता त्याच शपथेने तिचा घात केला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते आलं म्हणून ती आणखीच चिडली.

डीना नेहमीच आधी बघायची आणि मग बोलायची. "एक सांगू? आपण आत आलो तेव्हा मी बटण दाबायच्या आधीच हे यंत्र कोमट होतं."

"दहाला तर वाचनालय उघडतं! सगळ्यात आधी आपणच आलोय!" मार्टी म्हणाला.

"तेच तर. आपल्या आधी कोणीतरी येऊन गेलंय. त्याच्याकडे किल्ली आहे."

वाचनालयाच्या किल्ल्या तीन मोठ्या माणसांकडे होत्या. ग्रंथपाल मिसेस होल्म, झाडलोट करणारे एल्मरकाका आणि वाचनालय समितीचे अध्यक्ष लुंडक्विस्टसाहेब. मिसेस होल्मनी आत्ताच मुलांच्या समोर कुलूप काढलं होतं. एल्मरकाकांना विचारलं, तर ते दोन पावलं मागे सरकले. "त्या यंत्राला? मी? अरे, मला त्याच्यावरची धूळ पुसायचीही भीती वाटते!"

"आणि लुंडक्विस्टसाहेब तर शक्यच नाही," मार्टी म्हणाला.

खरंच शक्य नव्हतं. याच साहेबांनी गावच्या साप्ताहिकात हे एवढं लांबलचक पत्र लिहिलं होतं. संगणकावरचे खेळ म्हणजे पोरांच्या डोक्यातला भुसा, वाचनालय हे वाचायला असतं, वगैरे वगैरे. येत्या शुक्रवारी समितीची बैठक होती आणि खेळ कायमचे बंद करायचा ठराव तिथे यायचा होता. खेळ न बघताच साहेबांचं मत ठाम झालं होतं. मोठ्या माणसांना ही सोय असते!

"मला तो माणूस हवाय," आयली दात-ओठ खात म्हणाली. "कोणी का असेना. माझ्या ल्यूमीला मारलं, आणि तोंडातून शब्द नाही!"

"मग सापळा लावू," डीना म्हणाली.

या खेळात नकाशा आयता मिळत नाही. एकेक पाऊल टाकायचं आणि चौकटींच्या कागदावर एकेक भिंत काढायची. मुलांचे नकाशे फ्लॉपीबरोबर संगणकाच्या टेबलाच्या खणात असायचे. चार मजल्यांचे पूर्ण झाले होते. पाचव्याचा अर्धाच होता. खाली जाणारा जिना अजून सापडला नव्हता. डीनाने पाचव्याचा नवा नकाशा काढायला घेतला. सगळं खरं, फक्त ईशान्य कोपऱ्यात तिने आपल्या मनाने एक जिना काढला आणि शेजारी लिहिलं, 'इथून खाली!'

"तिथे तर नुसती भिंत आहे!" मार्टी म्हणाला. "आणि वाटेत ते उडते विंचू!"

"तिथे कोण जातंय ते बघायचंय मला."

"पण मग आपली उरलेली टोळीही मरेल ना!"

आयलीने क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "आज प्रत काढू या."

"शपथेचं काय?"

"शपथ खेळासाठी आहे, चोरासाठी नाही!"

प्रत खणात गेली. खरी फ्लॉपी आयलीने लोकरी टोपीत गुंडाळून घरी नेली, आणि न्यायला आलेली आई टोपी घाल म्हणून ओरडली तरी रस्ताभर ती बोडक्यानेच चालली.

बुधवारी वाचनालयाला सुट्टी होती. गुरुवारी दहाच्या ठोक्याला तिघं संगणकापाशी पोचले. यंत्र कोमट! प्रत उघडून बघतात तर काय, टोळी पाचव्या मजल्यावर ईशान्य कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभी. चार जण अर्धमेले, आणि डीनाची कुलूपतोडी ठार!

"गिळला! गळ गिळला!" मार्टी नाचायला लागला. मिसेस होल्मनी ओठांवर बोट ठेवलं.

"पण कोणी?" आयलीने विचारलं.

"कळेल," डीना म्हणाली. "इतकी वणवण करून समोर भिंत आली की माणूस चिडतो. चिडलेल्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. कान उघडे ठेवा."

शुक्रवारी दुपारी समितीचे पाच जण मोठ्या टेबलाभोवती बसले. त्यात डीनाचे आजोबा गस सार्तोरीही होते. सगळी हयात त्यांनी लोखंडाच्या खाणीत काढली होती. मुलांना बोलायला तीन मिनिटं मिळाली. आयली उभी राहिली.

"हा खेळ म्हणजे भुसा नाही," तिने सुरुवात केली. "यात एकट्याचं काही चालत नाही. मार्टीचे लढवय्ये तगडे, पण त्यांना साधं कुलूप उघडत नाही. डीनाची कुलूपतोडी एका फटक्यात आडवी होते, पण ती नसेल तर पेटीतला सापळा सगळ्यांना मारतो. आणि वैद्यीण... वैद्यीण नसेल तर कोणीच परत येत नाही. पुढे जायचं की परत फिरायचं, यावर आम्ही तासतास भांडतो. भांडून एकदा ठरलं की तिघंही ते पाळतो. आणि आम्हाला कोणी काही आयतं देत नाही! प्रत्येक भिंत आम्ही स्वतः मोजलीय. म्हणून जिना सापडतो ना, तेव्हा तो आमचा असतो. आमचे नकाशे—"

"नकाशे!" लुंडक्विस्टसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "नकाशांचं नाव काढू नकोस! सगळा खोटारडेपणा! पाचव्या मजल्यावर ईशान्य कोपऱ्यात म्हणे जिना आहे! जीव मुठीत धरून तिथवर जावं, तर समोर नुसती भिंत! हे असलं फसवायला शिकवायचं मुलांना?"



आयलीने डीनाकडे पाहिलं. डीनाने मान डोलावली.

"मिस्टर लुंडक्विस्ट," आयली सावकाश म्हणाली, "तिथे जिना आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? नकाशात आहे की!"

"कुठल्या नकाशात? खेळात नकाशा नसतोच. तो जिना अख्ख्या जगात एकाच कागदावर आहे. डीनाने मंगळवारी काढला. चोर पकडायला!"

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. गस आजोबा खो-खो हसायला लागले. मिसेस होल्म चष्मा काढून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही सकाळी-सकाळी इथे येऊन खेळत होतात?"

"मी... चौकशीसाठी. ठरावाच्या आधी माहिती नको का?"

"किती दिवस चालली होती चौकशी?"

"...सोळा."

आता सगळेच हसले. मार्टी तर खुर्चीवरून पडायचा राहिला. एकटी आयली हसली नाही.

"ल्यूमी कशी मेली?" तिने विचारलं.

"कोण?"

"कोण?" आयलीचा तोल सुटला. "सोळा दिवस तिच्याकडून जखमा बऱ्या करून घेतल्यात, आणि नावही माहीत नाही? माझी वैद्यीण! अकरा महिने सांभाळली मी तिला! कशी मेली ती? सांगा!"

हसणं थांबलं. लुंडक्विस्टसाहेब सावकाश खुर्चीत टेकले. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

"रोज टोळी होती तिथेच परत आणून ठेवायचो. त्या दिवशी चौथ्या मजल्यावर कोळी आले. सहाही जणांना विष चढलं. तिच्याकडे पाच उतारे होते. मी आधी लढवय्यांना दिले, मग बाकीच्यांना. ती यादीत शेवटी होती. तिची पाळी आली तेव्हा उतारा उरलाच नव्हता." ते थांबले. "देवळात दोनदा नेलं. झोप नाही लागली मला. वाटलं, आणखी खाली गेलं तर तिला परत आणणारं काहीतरी सापडेल. म्हणून तो जिना शोधत होतो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"लाज वाटली."

"तुम्हाला लाज वाटली म्हणून आमचा खेळ बंद करायचा?"



गस आजोबा उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "आमच्या खाणीत टोळीतला एक कमी भरला, तर बाकीचे खाली उतरत नसत. मालक कितीही ओरडो. आणि बोगद्याचा नकाशा चुकीचा काढणाऱ्याला मी लाथ घातली असती!" त्यांनी नातीकडे डोळे वटारले. "पण एवढ्याच कामापुरता चुकीचा काढला असेल, तर शाबास पोरी! मला आयुष्यात जे शिकायला दहा वर्षं आणि दोन मोडलेली बोटं लागली, ते या पोरांना या कोपऱ्यात बसून कळलंय. माझं मत, खेळ राहू द्या."

चार हात वर झाले. मग सगळ्यांत शेवटी पाचवाही झाला. साहेबांनी खिशातून वाचनालयाची किल्ली काढून मिसेस होल्मच्या पुढ्यात ठेवली आणि ते आयलीकडे वळले. "माझं चुकलं, आयली. दोनदा चुकलं."

"हो," आयली म्हणाली. राग अजून गेला नव्हता आणि उगाच गेल्यासारखं दाखवायची तिला गरज वाटली नाही.

"धाडसी आहात तिघंही," मिसेस होल्म म्हणाल्या. "आणि माझ्यापेक्षा डोळस!"

शनिवारी दहा वाजता आयलीने खरी फ्लॉपी घातली आणि नवी वैद्यीण घडवली. कच्ची, पहिल्या पातळीची. जीव जेमतेम सहा गुणांचा. एखाद्या उंदराने फुंकर घातली तरी आडवी व्हायची. पाचव्या मजल्यावर तिचं काहीच खरं नव्हतं.

"हिला तयार करायला महिने लागतील," आयली खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्ही दोघं पुढे जा हवं तर."

"खुळी आहेस का?" मार्टी म्हणाला.

डीनाने पहिल्या मजल्याचा जुना नकाशा ओढून घेतला. आणि पाचव्या मजल्यापर्यंत पोचलेले ते पाच गडी, त्या नव्या वैद्यिणीला मध्ये घेऊन, पुन्हा पहिल्या मजल्यावर उतरले.