बाराव्या झोळीचं वजन

पहिलं मूल रडलं नाही, तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

कारण काट्याला टांगलं की मूल रडतंच. तुळईला स्प्रिंगचा काटा बांधायचा, मूल निजलेल्या झोळीसकट उचलायचं, झोळीची गाठ काट्याच्या आकड्यात अडकवायची. वजनातून कापडाचा अर्धा रत्तल वजा करायचा. एवढ्या हिसक्यानं झोपलेलं पोर उठतं आणि असा टाहो फोडतं, की शेजारच्या बायका धावत येतात. गेले तीन महिने मी नाशिकच्या आळ्याआळ्यांतून हेच ऐकत होते. पुण्याला कॉलेजात इंटर झाले, पंचवटीत मामांकडे राहायला आले, आणि तिथल्या एका महिला मंडळाच्या डॉक्टरीणबाईंनी तान्ह्या पोरांची वजनं टिपायला वही नि काटा हातात दिला. १९३६ सालचा चैत्र होता तो.

दुसरंही रडलं नाही. तिसऱ्याच्या ओठांच्या कडेला माशी बसली होती. ती हलेना, पोरही हलेना. मी फुंकर मारली, तेव्हा माशी उडाली. पोराची पापणीसुद्धा लवली नाही.

विडीच्या कारखान्यामागची ती लांबट खोली. बायका दिवसभर कारखान्यात विड्या वळायच्या आणि त्यांची तान्ही इथे कुसाबाई नावाची म्हातारी सांभाळायची. एका ओळीत झोळ्या टांगलेल्या. तंबाखूचा उग्र वास, त्याखाली आंबलेल्या दुधाचा. आणि बाहेर सकाळचे दहा वाजले असताना आत अशी शांतता, की काट्याची स्प्रिंग कुरकुरली तरी खोलीभर ऐकू यायचं.

"कुसाबाई, आजारी आहेत का हो सगळी?"

"आजारी कशापायी? निजल्यात. माझ्याकडं पोर रडत नाय, ताई. साऱ्या गल्लीला इचारा."

"सगळी एकदम?"

"कालिजात पोरं निजवायची शिकवीत नसतील, व्हय ना?" ती हसली. कमरेची पितळी डबी काढून तिनं झाकण उघडलं. आत मोहरीएवढ्या काळ्या गोळ्या. "बाळगोळी. जिभेवर ठिवायची, वर आईच्या दुधाचा थेंब. दिवस मावळंस्तोवर हूं का चूं नाय."

"अहो, ही अफू आहे!"

"मंग काय साखर असंल? पोर कडंवर दिसलं की मुकादम बाईला घरी घालवतो. घरी धनी पिऊन पडल्याला. पोर रडलं की त्याच्या अंगावर धावतो." शेवटून दुसऱ्या झोळीकडे तिनं बोट केलं. "ह्यो जमील. ह्याच्या आईच्या, जहिदाबीच्या पाठीवर तिच्या धन्यानं, शौकतनं, काढल्यालं वळ बघून या आधी. मंग मला अफू सांगा."

मी काम पुढे चालू केलं. जमील अकरावा. तीन महिन्यांचा, नऊ रत्तल. त्याच्या कानामागे नजर लागू नये म्हणून काजळाचा मोठा ठिपका होता. तोही रडला नाही.

बारावी झोळी भिंतीला लागून होती, इतरांसारखीच खाली ओथंबलेली. मी ती उचलून आकड्यात अडकवली. सुई थरथरली आणि आठावर थांबली. कापड वजा जाता साडेसात. वहीत आकडा लिहिला आणि विचारलं, "याचं नाव?"

मागे कुसाबाईची पावलं दूर सरकली.

मी वळून पाहिलं. ती समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी होती.

"नाव सांगा ना. आणि केवढा आहे?" असं म्हणत मी झोळीचं कापड बाजूला केलं.

आत काही नव्हतं. चौपदरी धडुतं आणि त्यावर खोलगट खळगा, डोकं टेकल्यासारखा. मी हात घातला. धडुतं गरम होतं. सुई आठावरच होती.

"हळू..." कुसाबाई कुजबुजली. "उठवू नका त्याला."

"कोणाला?"

"गोरक्षाला. माझ्या लेकीचं पोर. आज आठ वर्सं झाली." ती पुढे आली नाही. "लेकीनं पहाटं घरीच गोळी दिल्ती. मला बोलली नाय. म्या आल्यावर दुसरी दिली. दोघींनी मायेनंच दिली, ताई... निजला तो निजला."

"मग ही झोळी...?"

"त्यालाबी रोजची लागती ना. सवय झाल्याली." आता ती चार पावलं पुढे आली, डबीतून एक गोळी चिमटीत धरली आणि त्या खळग्याकडे हात नेला. "नाय मिळाली, तर ज्या पोराच्या अंगात गोळी लय असंल, त्याच्याकडं जातो."

मी भित्री आहे; पाल चुकचुकली तरी दचकते. पण भीती फार झाली की मला राग येतो, तसा आला. मी डबी हिसकावली, दारापर्यंत गेले आणि सगळ्या गोळ्या गटारात ओतल्या. परत येऊन चिमटीतली गोळीही तिच्या हातावर फटका मारून पाडली. तीही खाली घरंगळत गेली. मला वाटलं, आपण अकरा पोरं वाचवली.

कुसाबाई सुईकडे पाहत राहिली. सुई साताच्या खाली आली होती.

"काटा बिघडलाय," मी म्हणाले.

"ताई... आज कुणाला दोन तर गेल्या नसतील?"

ती झोळ्यांवरून पळत सुटली. प्रत्येक नाकाशी बोट धरत, पुटपुटत. जमीलपाशी थांबली. तिचा हात तोंडावर गेला.

"जहिदाबी सकाळी म्हणत व्हती, रातभर शौकतनं दंगा घातला, पोर नुसतं किंचाळत व्हतं... आन् मंग निजलं म्हणली. कसं निजलं, ते म्या इचारलंच नाय."

जमीलचे ओठ वांग्याच्या सालीसारखे झाले होते. मी त्याला उचलून घेतलं. एक श्वास. मग मी मनात सात मोजले, तेव्हा दुसरा.

"जहिदाबीला आणा! कोणाला तरी डॉक्टरीणबाईंकडे पाठवा. धावा!"

म्हातारी गुडघे धरत, धडपडत गेली. खोलीत मी, दहा निजलेली पोरं आणि माझ्या कडेवर जमील.

डॉक्टरीणबाईंनी एकदा सांगितलं होतं: अफू झालेल्या पोराला झोपू द्यायचं नाही. तळव्यांवर मारा, थंड पाणी मारा, हाका मारत राहा. मी माठातलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं. तळव्यांवर टिचक्या मारल्या, मग चापट्या. त्याची मान माझ्या कोपरावरून लोंबत होती.

माझी पाठ काट्याकडे होती. स्प्रिंग कुरकुरली. मला बघायचं नव्हतं, तरी बघितलं. पाच. चार. झोळी आकसत वर जात होती, आतलं कोणी बाहेर उतरत असावं तशी.

आणि माझा हात भरून आला. नऊ रत्तलांचं पोर मी दोन्ही हातांनी धरलं, तरी ते खाली सरकू लागलं.

दारात जाऊन मी ओरडले, "अहो, कोणी आहे का? कोणी तरी या!" गल्लीत पांढरं ऊन, बंद दारं. सगळी माणसं कामावर. कारखान्याच्या पत्र्यावर एक कावळा बसला होता, तोही उडाला.

श्वास. मी मोजू लागले. दहा. बारा. पंधरा.

"जमील!" मी त्याला गदागदा हलवलं. "जमील रे... ऊठ ना बाळा... जमील!"

मागे सुईचा टक्क आवाज आला. नुसत्या कापडाच्या अर्ध्या रत्तलावर येऊन आदळल्यासारखा. त्याच वेळी गल्लीच्या टोकाला अनवाणी पावलं धावत येताना ऐकू आली. जहिदाबीच होती. पदर ढळलेला, हातांना तंबाखूची भुकटी. ती उंबऱ्यापाशी आली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.

"दो, ताई, मेरेकू दो! जिंदा है ना? बोलो ना!"

माझ्याच्यानं देववेना. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि उरात होता नव्हता तेवढा जीव घालून शेवटची हाक मारली.

"जमील!"

ते काळसर ओठ विलग झाले. आतल्या हिरड्या दिसल्या, एकही दात नसलेल्या. आणि अंगणात खेळणारा आठ वर्षांचा मुलगा घरातून हाक आली की देतो, तसा स्वच्छ, खणखणीत आवाज त्या तोंडातून आला:

"ओ!"