परका हात

निबंधाच्या तासाला मुलं आता आधी पत्ता काढत आणि मग वही उघडत. मालिका लिहिणारे, जाहिराती लिहिणारे, अगदी कीर्तनकारसुद्धा, सगळ्यांच्या पिशवीत पत्त्यांचा एकेक कॅट असे. कोऱ्या कागदासमोर ताटकळत बसणं टाइपरायटरइतकं जुनं झालं होतं.

करुणा सोनवणेच्या मांडीवरचा कॅट रुमालात गुंडाळलेला होता, रुमाल स्टीलच्या डब्यात होता आणि डबा तिने दोन्ही हातांनी धरला होता. मिरजेतल्या त्या प्रयोगशाळेत येताना रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळली, तसतसा तिने डबा पोटाशी ओढला होता.

"उघडू का?" डॉ. नसीम मुल्ला म्हणाल्या. हे पत्ते ज्या पातळ पडद्यापासून बनत, त्या पडद्याच्या संशोधनात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती.

"बोट लागणार नाही ना?"

"चिमटा आहे, हातमोजे आहेत. करुणाताई, तुम्ही तर बॉम्ब आणल्यासारखं करताय."

करुणा हसली नाही. डॉक्टरांनी चिमटा उचलला.

करुणाची आई विमल सोनवणे कादंबऱ्या लिहायची. तरुणपणी तिच्याकडे साधी कागदी टॅरो कार्डं होती. भविष्य बघायला नाही. भविष्य सांगणाऱ्यांची ती यथेच्छ टिंगल करायची. एखादं पात्र अडून बसलं की ती एक कार्ड उलटायची. उलटा टांगलेला माणूस किंवा कोसळता मनोरा बघितला की डोक्यात काहीतरी हलायचं आणि पात्र उठून चालू लागायचं. पण कागदी कार्ड नशिबाने निघतं. दहातली नऊ वाया जायची.

पुढे शास्त्रज्ञांनी नशिबाला बाजूला सारलं. कल्पना सुचण्याच्या किंचित आधी, म्हणजे माणसाला स्वतःलाही कळायच्या आधी, बोटांच्या टोकांची नाडी आणि घाम अगदी थोडा बदलतो, असं त्यांच्या लक्षात आलं. मग पत्ताच असा बनवला, की बोट टेकताच तो हे बदल वाचेल आणि त्या क्षणी त्या माणसाच्या मनात सर्वात जास्त खळबळ उडवेल असं चित्र पालथ्या बाजूवर उमटवेल. मन चेतवणारे म्हणून ते चेतपत्ते. वापरता वापरता त्या माणसाला काय हलवतं याची खूण पडद्यातच उमटत जाई. तिला चेतनकाशा म्हणत. कपाळावर आठी पडावी तशी ती खूण पडद्यात पडत असल्याने तिची नक्कल करता येत नसे.

"प्रकाशक मागे लागलेत," करुणा म्हणाली. "कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहिलंय. म्हणतात, कॅट आईचा आहे ना, मग तुम्ही पत्ते काढा आणि लिहून टाका. तिला सुचलं असतं तेच सुचेल."

"सुरुवातीला तसंच होईल. पण प्रत्येक पत्त्यागणिक कॅट तुमच्या हाताला सरावत जाईल."

"आणि आई पुसली जाईल."

"हो. ओल्या हाताने फळा पुसावा तशी."

"म्हणून आले. आई गेल्यापासून मी एकही पत्ता काढलेला नाही. धूळसुद्धा डब्यावरचीच पुसते. किती पत्ते काढले तर ती थोडी तरी उरेल, एवढंच सांगा."

"बघून सांगते. तोवर चहा घ्या. आमचा चहा अगदीच वाईट आहे, पण गरम असतो."

चहा खरंच वाईट होता. काचेपलीकडे डॉक्टर एकेक पत्ता यंत्राखाली सरकवत होत्या आणि प्रत्येक वेळी करुणाचा हात नकळत पुढे होत होता. किती उरली असेल? अर्धी? एखाद्या प्रकरणापुरती? प्रकाशकांना नाही म्हणावं, कॅट तसाच जपावा, असंही मनात येत होतं. पण न उलटलेल्या पत्त्यांत जपलेली आई तिला काय सांगणार होती?

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली होती.

"पत्ते कोण काढायचं?"

"आईच. म्हणजे, शेवटी शेवटी मी. औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती. पत्ता निसटायचा, मग चिडायची. म्हणाली, तू काढ, मी बघते."

"कॅटवर लिहिलेलं असतं, परक्या हाताने पत्ता काढू नये."

"वाचलं होतं. जुने टॅरोवाले पण तसंच म्हणायचे, दुसऱ्याचा हात लागला की कार्डं विटाळतात. आई म्हणाली, नव्या यंत्राला जुना सोवळेपणा चिकटलाय. आणि मी काय परकी आहे का? बघणारी तीच, मग नकाशाही तिचाच राहील, असं वाटलं."

डॉक्टरांनी एक छोटी काचपट्टी पुढे सरकवली. "अंगठा ठेवा."

करुणाने ठेवला. यंत्राच्या पडद्यावर दोन रेषा उमटल्या, एक पट्टीवरून आलेली, एक कॅटमधून. दोन्ही एकमेकींवर बसल्या.

"यात तुमची आई नाही, करुणाताई. बरेच दिवस नाही. हा नकाशा तुमचा आहे."

"पण चित्रं बघून लिहायची ती."

"त्या लिहायच्या. चित्रं तुमच्या मनातून निघत होती. तुम्हाला जे सर्वात जास्त हलवत होतं, ते."

करुणाला ते पत्ते आठवले. विझलेली चूल. दोर तुटलेली नाव. चादर ओढलेला रिकामा पलंग. तेव्हा तिला वाटायचं, आईला मरण दिसतंय, म्हणून असली चित्रं येतात. ती पत्ता आईपुढे धरायची आणि स्वतः खिडकीबाहेर बघायची.

आणि आई लिहायची. कादंबरी नदीवर नाव चालवणाऱ्या चंद्राची होती. विझल्या चुलीवरून आईने लिहिलं, की चंद्रा आजारी असताना शेजारणी भाकरी घेऊन येतात आणि तिची मुलगी पहिल्यांदा कुणाकडून काही घ्यायला शिकते. तुटलेल्या दोरावरून लिहिलं, की नाव वाहून जाते आणि मुलगी पोहून पैलतीर गाठते. पुढे पुढे चंद्रा दिसेनाशी झाली आणि सगळी पानं मुलीनेच व्यापली. नायिका हातातून सुटली, असं प्रकाशक म्हणाले होते. करुणालाही तसंच वाटलं होतं. आई थकली, तिला कथा पेलत नाही.

शेवटच्या पत्त्यावर एक मुलगी पाठमोरी उभी होती. समोर फक्त पाणी. आईने तो बराच वेळ बघितला, मग करुणाकडे बघितलं आणि पत्ता उशीवर पालथा ठेवला.

"घाबरू नकोस गं," ती म्हणाली होती.

तेव्हा नर्स सुई घेऊन आत येत होती. करुणाला वाटलं, आई सुईबद्दल बोलतेय आणि ग्लानीत कोण कुणाला धीर देतंय याचा घोटाळा झालाय. "मी कशाला घाबरू?" असं म्हणून तिने पांघरूण नीट केलं होतं.

"तिला कळलं असेल का?" करुणाने विचारलं. "चित्रं कुणाची ते?"

"ते पत्त्याला नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाल्या. मग रुमाल पसरत म्हणाल्या, "एका अर्थी बरंच झालं. पुसलं जाण्यासारखं यात काही नाही. आता हवे तेवढे पत्ते काढा."

त्यांनी कॅट रुमालावर ठेवला, उघडाच. आता डबा नको होता, चिमटा नको होता. करुणाने वरच्या पत्त्याकडे बोट नेलं आणि थांबली. पालथ्या बाजूला काय येणार, हे तिला न उलटताच ठाऊक होतं.

आजारपणाचे एवढे महिने त्या खोलीत दोघी होत्या. एकीची भीती रोज चित्र होऊन समोर यायची आणि दुसरी तिला उत्तर लिहायची. आईला स्वतःला कशाची भीती वाटत होती, ते कुठल्याच पत्त्यावर आलं नव्हतं.

आणि विचारायचं करुणाला सुचलं नव्हतं.