पिवळ्या उजेडातला हिरवा रंग

बाळकुमच्या पुढे, खाडीच्या अंगाला, विद्यापीठाचं एक छोटं उपकेंद्र आहे. दुसऱ्या मजल्यावर पदार्थविज्ञान विभाग. दोन वर्ग, एक प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळेच्या टोकाला खिडकी नसलेली डार्क रूम. सोनल पेडणेकर तिथे नऊ वर्षं शिकवत होती. शिकवण्याखेरीज मुलांचं जे काही असे ते तिच्याच गळ्यात पडलेलं. उन्हाळी प्रकल्पांची पत्रकं फळ्यावर लावायची, अर्जातल्या चुका काढायच्या, शिफारसपत्रं लिहायची. बुधवारी तीन वाजता सगळ्यांनी प्रयोगशाळेत जमायचं, चहा प्यायचा आणि कुणीतरी एकाने अर्धा तास आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचं, ही प्रथाही तिनेच पाडलेली. बोलताना पहिल्यांदा लटपटणारी मुलं वर्षाअखेरीला हात उडवत बोलू लागत. तेवढं पाहिलं की सोनलचं वर्ष सार्थकी लागे.

नवी तुकडी आली की ती त्यांना डार्क रूममध्ये नेऊन सोडियमचा दिवा लावत असे. दिवा आधी लालसर धुमसतो, मग पाचेक मिनिटांत पिवळाधमक होतो. त्या उजेडात पिवळ्याखेरीज दुसरा रंग नसतोच. त्यामुळे लाल रुमाल, हिरवी पिशवी, निळी जीन्स, सगळं मळकट, काळपट दिसतं. पोरं एकमेकांचे चेहरे बघून हसत. मढ्यासारखा दिसतोयस रे, असं कुणीतरी म्हणेच.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये राकेश नावाचा एक विद्यार्थी चहा पिता पिता म्हणाला, "मॅडम, त्या काकू नवीन आल्यात का? हिरव्या बांगड्यावाल्या."

"कुठे पाहिल्यास?"

"डार्क रूममध्ये. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या. मला रीडिंग जमतच नव्हतं, वैतागून गेलेलो मी. त्या म्हणाल्या, सावकाश कर. मग जमलं."

झाडूवाल्या बाई दम खायला बसल्या असतील, असं सोनलला वाटलं. घरी कोपरीला परतताना रिक्षात तिच्या एकदम लक्षात आलं. हिरव्या? त्या उजेडात?

बाहेर कुठेतरी पाहिल्या असतील, डोक्यात दोन्ही एक झालं असेल, असं म्हणून तिने विषय सोडून दिला.

दिवाळीनंतर दर्शनाने तेच सांगितलं. दर्शना मुरबाडकडची, इथे भाड्याच्या खोलीत राहणारी, अबोल मुलगी. त्या दिवशी तिला घरची फार आठवण येत होती. "त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला," ती म्हणाली. "हातभर हिरव्या बांगड्या होत्या, मॅडम. एवढ्या हिरव्या, की मी बघतच राहिले."

राकेशशी तिचं यावर कधी बोलणं झालं नव्हतं. सोनलने आडून विचारून खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने जांभळी नाक्यावरून डझनभर हिरव्या बांगड्या आणल्या, हातात भरल्या, आणि डार्क रूमचं दार लावून दिव्याखाली हात धरला. बांगड्या काळ्या दिसल्या. दिसणारच होत्या. तिने दिवा तपासला, दाराच्या फटी तपासल्या. कोपऱ्यातलं स्टूल रिकामं होतं.

विभागाचे शिपाई धोंडिबामामा बाहेर उपकरणं पुसत होते. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, या खोलीत कुणी बाई येऊन बसतात का?"

मामांनी फडकं झटकलं. "मला नाही माहीत, मॅडम. मी दार वाजवूनच आत जातो."

"रिकाम्या खोलीचं दार वाजवता?"

"कोणी बसलेलं असलं तर बरं दिसत नाही," ते म्हणाले आणि पुसण्यात गुंतले.

डिसेंबरात मायाची आई गेली.

माया ठाकुर्लीची. तुकडीतली सगळ्यात हुशार मुलगी, आणि सगळ्यात मोकळी हसणारी. पंधरा दिवसांनी ती परत आली तेव्हा तिचं बोलणंच बंद झालं होतं. बुधवारी ती चहाचा कप हातात धरून बसे, चहा तसाच गार होई. मुलांनी तिला नोट्स लिहून दिल्या. दर्शना तिच्या शेजारी न बोलता बसू लागली. राकेशने तिच्यासमोर वात्रटपणा करणं सोडलं.

बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेतल्या दोन महिन्यांच्या प्रकल्पासाठी मायाने आई असतानाच अर्ज केला होता. फेब्रुवारीत मुलाखतीचं बोलावणं आलं. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, ऑनलाइन. सोनलने आपल्या केबिनमध्ये लॅपटॉप मांडून ठेवला. पावणेअकरा झाले, मायाचा पत्ता नाही.

"डार्क रूममध्ये गेलीय," दर्शना म्हणाली. "मुलाखत देणार नाही म्हणते."

सोनल धावतच गेली. आणि दारापाशी पोचल्यावर, का ते तिलाही कळलं नाही, तिने आधी दार वाजवलं.

आत दिवा पूर्ण पेटलेला होता. माया टेबलावर डोकं टेकून रडत होती. पिवळ्या उजेडात तिचे केस, तिचा कुर्ता, तिची पाठ, सगळं एका मळक्या रंगाचं झालं होतं.

तिच्या पाठीवर एक हात होता.

सावळा, कष्टाने रापलेला हात. सावकाश वरखाली फिरत होता.

मनगटात बांगड्या होत्या. हिरव्यागार. भाताच्या कोवळ्या रोपासारख्या.

सोनलने डोळे मिटून उघडले. हिरवा रंग तसाच होता. कोपरापुढे तिला काही दिसलं नाही. तिथे फक्त काळोख होता. बांगड्या एकमेकींवर आपटत होत्या, पण आवाज होत नव्हता.

मग कुणीतरी बोललं. गावाकडचा, खर्जातला आवाज.

"रडून घे गो बाय. मग ऊठ."

सोनलला ओरडावंसं वाटलं नाही. पळावंसंही वाटलं नाही. ती मुकाट्याने मायाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि तिनेही मायाच्या पाठीवर हात ठेवला. क्षणभर दोन्ही हात शेजारी शेजारी होते. त्या हाताला ऊब होती.

माया उठून बसली तेव्हा तिथे सोनलचा एकटीचा हात होता.

"किती वाजले?" मायाने विचारलं.

"अकराला चार मिनिटं आहेत."

"तोंड धुऊन येते."

मुलाखत पाऊण तास चालली. केबिनच्या बंद दाराबाहेर सगळी तुकडी उभी होती. आतून मायाच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा दर्शनाला रडू फुटलं.

संध्याकाळी गेटपर्यंत चालताना सोनलने विचारलं, "माया, आत कोण होतं?"

"माहीत नाही, मॅडम. आई नव्हती. माझी आई हिरव्या बांगड्या घालायची नाही. पण मला बरं वाटलं. तुम्हालाही दिसल्या ना त्या?"

सोनलने मान डोलावली. ज्याचं काही दुखत असतं त्यालाच ती दिसते का, हा विचार तिच्या मनात आला. कोपरीच्या घरी वडील गेल्यापासून त्यांची खोली दोन वर्षं बंद होती. तिने तो विचार पुढे नेला नाही.

मायाची निवड झाली. मे-जून ती बंगळुरूला राहिली, तिथून तुकडीच्या ग्रुपवर यंत्रांचे फोटो पाठवत राहिली. जुलैत परत आली ती जुनीच माया होऊन. पहिल्याच बुधवारी तिने तिथल्या कामावर तासभर व्याख्यान दिलं आणि कुणाला उठू दिलं नाही. डार्क रूममध्ये आताशा कुणी दिसत नाही, असं मुलं म्हणत. सोनलही दोनतीनदा एकटी जाऊन बसून आली. स्टूल रिकामं असे. तिला जरा चुकल्यासारखं वाटे.

ऑगस्टमध्ये नवी तुकडी आली. सोनल त्यांना डार्क रूममध्ये घेऊन गेली, मदतीला माया होती. दिवा धुमसला, पिवळा झाला, आणि पोरं नेहमीसारखी हसू लागली. समृद्धी नावाची एक नवी मुलगी तेवढी हसत नव्हती. सकाळपासून तिचे डोळे सुजलेले होते. सोनलने तिला बाजूला बोलावलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत हळूच विचारलं, "काय झालं गं?"

समृद्धी सोनलकडे बघत होती.

"मॅडम, सगळ्यांचे कपडे काळे पडले. तुमची ओढणीच निळी कशी?"

माया वळून हसली. "निळी कुठे? काळीच तर आहे."

समृद्धीने बोट पुढे केलं. "नाही. निळी आहे. आणि काठावर बारीक लाल ठिपके आहेत."

ठिपके होते. सकाळी इस्त्री करताना सोनलने ते पाहिले होते.

तिने आता मान खाली घालून पाहिलं. तिला एकही दिसला नाही.